ऑसरामचा साधा एच४ हेडलाईट बल्ब, घरी बसवलेला. वॅगनारवर वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या ऑगस्टमध्ये चिपळूणहून कराडला परत येत होतो. निघायलाच साडेसात वाजले, सासरे म्हणत होते पाऊस आहे सकाळी जा, पण दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती म्हणून निघालो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या का चौथ्या वळणावर बायको म्हणाली, अहो, तुमच्या बाजूचा उजेड कमी झाला का हो? जरा रुंद जागा बघून थांबलो, उतरून बघतो तर ड्रायव्हर साईडचा डिप, म्हणजे खाली पडणारा जवळचा उजेड, गेलेला. अप्पर, म्हणजे लांबचा, लागत होता पण धुकं एवढं होतं की अप्पर मारला की समोर नुसती पांढरी भिंत.

एक लाईट गेली तर काय होतंय, दुसरी आहे की, असं बरेच जण म्हणतात, मी पण म्हणायचो. पण ड्रायव्हर साईडची गेली की समोरून येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त कडेची लाईट दिसते, त्याला वाटतं कडेनं मोटरसायकल चाललीय, आणि तो त्या हिशोबानं मधनं येतो, म्हणजे जिथं तुमचा दरवाजा आहे तिथनं. एक ट्रक असाच आला, अगदी शेवटी त्यानं स्टिअरिंग ओढलं. मागच्या सीटवर पोरगी झोपलेली होती. मग मागनं एसटी आली तिला पुढं जाऊ दिलं आणि तिच्या लाल दिव्यावर नजर ठेवून हेळवाकपर्यंत आलो, त्या ड्रायव्हरसाहेबांना आपण कुणाला वाट दाखवली ते माहीत पण नसणार. चहाला थांबलो तेव्हा ठरवलं, हेडलाईटचं काम आता दुसऱ्यावर सोडायचं नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यानंतर मी जो बल्ब घेतला, ऑसरामचा साधा एच४, १२ व्होल्ट ६०/५५ वॉट, बॉक्सवर ६४१९३ नंबर असतो तो, त्याला आता वर्ष झालं आणि बरेच लोक विचारतात की कुठला घेऊ, एलईडी टाकू का, शंभर-नव्वद वॉटचा टाकू का, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी गाडी २०१४ ची वॅगनार, सेकंडहँड घेतलेली, साधी, वरचं स्टिंग्रे मॉडेल नाही. स्टिंग्रेला प्रोजेक्टर म्हणजे भिंगाची लाईट आहे, त्याचं गणित वेगळं.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण त्यातच सगळं आहे. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं १००/९० चे बल्ब टाकलेले होते. बघायला भारी उजेड, मला पण आवडला. वर्षा-दीड वर्षात एक उडाला, तेव्हा एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, त्यानं काय हॅलोजन टाकताय साहेब म्हणून एलईडीचा सेट गळ्यात मारला, २२०० रुपये. घरासमोर भिंतीवर दिवसासारखा पांढरा उजेड, शेजारचे पण बघायला आले. पण हायवेला गेलो की समोरचा प्रत्येक माणूस अप्पर-डिप्पर मारायचा, आणि माझं मलाच लांबचं काही दिसत नव्हतं. गाडीच्या पुढच्या पंधरा-वीस फुटात लख्ख आणि त्याच्या पलीकडं काळोख. पावसाळ्यात तर ओल्या डांबरावर तो पांढरा उजेड कुठं जातो तेच कळत नाही, पट्टे दिसत नाहीत, खड्डे दिसत नाहीत. शिवाय त्या एलईडीच्या मागं पंखा असतो त्यामुळं हेडलाईटच्या मागची रबर कॅप नीट बसली नाही, दुकानदारानं ती कापली, आणि त्या कापलेल्या जागेतनं लाईटच्या आत पाणी गेलं.

हे असं का होतं ते मला नंतर कळलं. हॅलोजन बल्बचं फिलामेंट काही मिलीमीटरची बारीक स्प्रिंग असते, आणि मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्या एवढ्याशा जागेचा हिशोब धरून बनवलेला असतो. उजेड नेमका तिथनंच निघाला पाहिजे, तरच तो रस्त्यावर नेमका पडतो. एलईडीत दोन बाजूला दोन चपट्या चिप असतात, उजेड निघतो ढीग, पण रिफ्लेक्टरला अपेक्षित आहे तिथनं निघत नाही. मग तो निम्मा समोरच्याच्या डोळ्यात आणि निम्मा आपल्याच बंपरपुढं. कंपनीनंच एलईडीसाठी बनवलेली हेडलाईट असेल तर गोष्ट वेगळी, तिचा रिफ्लेक्टर नाहीतर लेन्सच त्या हिशोबाची असते.

एच४ मध्ये तर अजून एक गंमत आहे, ती बल्ब हातात घेऊन बघण्यासारखी आहे. आत दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं ६० वॉटचं, एक डिपचं ५५ वॉटचं. डिपच्या फिलामेंटच्या खाली एक छोटीशी धातूची वाटी असते, नखाएवढी. त्या वाटीमुळं डिपचा उजेड खाली जातच नाही, फक्त वर जातो, रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटतो आणि तिथनं खाली रस्त्यावर येतो. म्हणूनच डिपचा उजेड भिंतीवर बघितला तर वरनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते आणि डाव्या बाजूला ती रेघ जरा वर चढते, रस्त्याची डावी कड आणि कडेनं चालणारी माणसं दिसावीत म्हणून. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये याची सगळी जबाबदारी त्या एवढ्याशा वाटीवर आहे. हलक्या बल्बात ही वाटी वाकडी असते नाहीतर फिलामेंट खालीवर असतं. मी एलईडी काढून जी स्वस्तातली हॅलोजनची जोडी आणली होती त्यातला एक तसाच होता, भिंतीवर रेघच नाही, नुसता ढग. आणि घाटात गेला तो पण त्याच जोडीतला.

तर घाटातनं आल्यावर दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून आलो आणि बॉनेट उघडलं. बल्बच्या मागचा वायरीचा होल्डर ओढला तर निघेना. हलवून हलवून काढला तर एका पिनपाशी प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आतली पत्ती ढिली झालेली. हे त्या जुन्या १००/९० चं काम. साधा हिशोब आहे, ६० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर, १०० वॉट म्हणजे आठाच्या वर. वायर, होल्डर, स्विच सगळं ५ च्या हिशोबानं दिलेलं, त्यातनं रोज आठ ओढले की गरम होणारच. एलईडी बसवणाऱ्यानं हाच होल्डर हातात घेतला होता, त्याला दिसला नसेल असं होऊच शकत नाही, पण सांगितलं नाही. मला पैशापेक्षा याचा राग जास्त आला. वायरिंग तापून गाडी पेटू शकते हो.

मग मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, अप्पर लावलेला, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, आणि होल्डरच्या मागनं पिन घुसवून बघितलं तर ड्रायव्हर साईडला १२.३. जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच खल्लास. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. म्हणजे लोक म्हणतात ना गाडीची लाईट मंद आहे, मोठा बल्ब टाकतो, तर पुष्कळ वेळा बल्बचा दोषच नसतो, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसतो. आणि मोठा बल्ब टाकला की तो अजून करंट ओढतो, अजून व्होल्टेज पडतं, अजून होल्डर तापतो. माझ्या गाडीत नेमकं हेच चाललेलं.

पुण्याला काम होतं तेव्हा नाना पेठेतनं दोन ऑसराम आणि दोन सिरॅमिकचे होल्डर आणले. बल्बची जोडी चारशेच्या आत पडली, होल्डर दोन मिळून अडीचशे. फिलिप्सचा साधा पण तिथं होता, १२३४२ नंबरचा, तो पण तितकाच चांगला, मित्राच्या इंडिकाला तोच आहे. १३० टक्के जास्त उजेड लिहिलेले भारीतले बल्ब पण बघितले, ते वॉट न वाढवता फिलामेंट जास्त तापवून उजेड काढतात त्यामुळं आयुष्य कमी असतं. रोज रात्री गाडी चालवणाऱ्यानं विचार करावा, मला घाटात बल्ब न जाणं जास्त महत्त्वाचं होतं म्हणून साधा घेतला. निळसर काचेचे तर अजिबात घेऊ नका, निळा थर म्हणजे गाळणी, थोडा उजेड तिथंच अडतो. आणि घेताना बॉक्स उघडून बघा, बल्बच्या बुडाच्या पत्र्यावर गोलात इंग्रजी ई आणि पुढं आकडा असा मार्क असतो, छपाई स्पष्ट पाहिजे. डुप्लिकेट माल भरपूर आहे, ओळखीच्या दुकानातनंच घ्या आणि बिल घ्या.

आता बसवायचं. बल्ब नुसता बदलायचा असेल तर खरंच वीस मिनिटाचं काम आहे, माझ्या पोरीनं टॉर्च धरून दुसऱ्या बाजूचा माझ्याबरोबर केला. पण आधी एक करा, जुने बल्ब काढायच्या अगोदर संध्याकाळी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर लावा, डिप लावा आणि उजेडाची रेघ खडूनं भिंतीवर मारून ठेवा. नंतर फोकस बिघडला की नाही ते यावरनंच कळतं.

मग लाईट बंद, चावी काढून, गार होऊ द्या. आताच बंद केलेला बल्ब भयंकर तापलेला असतो. मागनं तीन पिनांचा होल्डर सरळ मागं ओढायचा, वायरीला धरून नाही, होल्डरला धरून. मग काळी रबर कॅप, तिला कान असतात ते धरून सोलायची. आत तारेची क्लिप दिसते, ती आधी आत दाबायची आणि मग बाजूला सरकवायची. इथं घाई करायची नाही, ती तार वाकली किंवा सुटून आत पडली तर सगळी हेडलाईट काढायची वेळ येते. बॅटरीच्या बाजूला एकच हात जातो, बोटांनीच सगळं ओळखायचं, म्हणून मी नेहमी सांगतो आधी मोकळ्या बाजूचा बदला, हाताला सवय होते, मग अवघड बाजूचा. काही गाड्यांना बॅटरी नाहीतर अख्खी हेडलाईट काढावी लागते, ते आधी बघून घ्या.

नवीन बल्ब काढताना काचेला हात लावायचा नाही, पत्र्याच्या बुडालाच धरायचा. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तापल्यावर तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलाच हात तर स्पिरिटनं पुसून वाळू द्या. बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात, तिन्ही सारखे नसतात, त्यामुळं तो एकाच पद्धतीनं बसतो. वरचा रुंद कान वरच्या खाचेत गेला की बल्ब आपोआप सपाट टेकतो, बोटाला कळतं, जरा पण डुगडुगत नाही. डुगडुगला म्हणजे बसला नाही, काढा आणि परत बसवा. मी पहिल्या बाजूला हे तीनदा केलं. कितीही चांगला बल्ब तिरका बसला तर वाटी तिरकी, वाटी तिरकी तर उजेड समोरच्याच्या डोळ्यात. दुकानात पाच मिनिटात बसवतात तेव्हा हे कुणी बघत नाही, आणि घरी करण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो.

क्लिप लावली की रबर कॅप. त्यावर बऱ्याचदा टॉप असं कोरलेलं असतं, ते वर. आतली कड बल्बच्या बुडाभोवती सगळीकडनं घट्ट बसली पाहिजे, बोट फिरवून बघा. माझ्या ड्रायव्हर साईडची कापलेली होती म्हणून नवीन आणली, त्यानंतर लाईटच्या आत थेंब धरलेला नाही, हा पावसाळा गेला तरी.

होल्डर बदलायचा असेल तर मात्र बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि एका वेळी एकच वायर कापा आणि जोडा, आधी फोटो काढून ठेवा. मी सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली. ज्याला हे येत नाही त्यानं वायरमनकडनंच करून घ्यावं, पण समोर उभं राहून. बॉडीला जिथं अर्थिंगचा बोल्ट आहे तिथं गंज होता, तो पॉलिश पेपरनं घासून परत आवळला. परत मीटर लावला तर १३.४. नवीन बल्ब लावायच्या आधीच अर्धं काम तिथं झालं होतं.

संध्याकाळी भिंतीवर बघितलं. सरळ रेघ, डाव्या बाजूला वर चढणारी, दोन्ही बाजूला सारखी. ड्रायव्हर साईडची फक्त दुसऱ्या बाजूपेक्षा जरा वर होती, हेडलाईटच्या मागं फोकसचा स्क्रू असतो तो स्टार स्क्रू-ड्रायव्हरनं थोडा फिरवला. ५ मीटरवर रेघ लाईटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली ठेवली. गाडीत लाईट वर-खाली करायचं लेव्हलिंगचं चाक असेल तर हे करताना ते शून्यावर ठेवा आणि मागं सामान नको.

आता उजेडाबद्दल. पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा एलईडीच्या तुलनेत पिवळट वाटला, खोटं कशाला बोलू, दोन दिवस वाटलं कमी पडणार. मग गणपतीला परत चिपळूणला गेलो, तोच घाट, तेवढाच पाऊस, आणि तेव्हा फरक कळला. डावीकडची पांढरी पट्टी लांबपर्यंत दिसत होती, कठडे दिसत होते, एका वळणावर कडेनं प्लॅस्टिकचं घोंगडं पांघरून चाललेला माणूस मला पुरेसा आधी दिसला, आरामात वेग कमी करून बाजूनं गेलो. आणि अख्ख्या घाटात समोरच्या एकानं पण अप्पर मारला नाही. माझ्यासाठी या बल्बचा रिव्ह्यू तोच आहे. डोळ्याला त्रास कमी, ओल्या रस्त्यावर पिवळा उजेड मला जास्त कळतो. अप्पर पण लांब जातो, कोयनेच्या सरळ पट्ट्यात छान.

वर्षात साधारण ९००० किलोमीटर झाले, रात्रीचं बरंच. दोन्ही चालू आहेत, काच काळी पडलेली नाही. परवा मुद्दाम होल्डर काढून बघितला, पांढराच्या पांढरा, पिना घट्ट.

दोन गोष्टी राहिल्या. एक, दोन्ही बल्ब एकदमच बदला. एकाच दिवशी बसवलेले, सारखेच जळलेले, एक गेला की दुसऱ्याचं पण वय झालेलंच असतं. दोन्ही एकदम बंद पडले तर मात्र बल्ब आणायला पळू नका, आधी फ्यूज आणि स्विच बघा. दोन, हेडलाईटची बाहेरची काच पिवळी पडली असेल तर जगातला कुठला पण बल्ब टाका, उपयोग नाही. टूथपेस्टनं चार दिवस चमकते आणि परत तेच. ८००, १५००, २००० असे पाण्याचे पॉलिश पेपर क्रमानं मारून पॉलिश करून वर यूव्हीचा थर द्यावा लागतो. माझी ड्रायव्हर साईड तशी केली, अर्धा रविवार गेला पण फरक मोठा आहे.

कुणी घ्यावा? ज्याची एच४ ची गाडी आहे आणि ज्याला रात्री घाटातनं, गावाकडच्या रस्त्यानं जावं लागतं त्यानं डोळे झाकून घ्यावा. ज्याला गाडी पांढरी चमकलेली हवीय त्याला हा आवडणार नाही. किमतीला माझ्याकडनं पाचपैकी पाच, उजेडाला साडेचार.

मेव्हण्यानं यावेळी गणपतीत विचारलं, भावोजी, माझ्या अल्टोला पण टाकता का हा? त्याच्या गाडीचे अंगणातच बदलले, होल्डर त्याचा पण तपकिरी निघाला. पुढच्या खेपेला जाताना त्याच्यासाठी सिरॅमिकचे दोन घेऊन जायचेत. आणि त्या घाटातल्या रात्रीपासून माझ्या डॅशबोर्डच्या खणात एक नवीन एच४ त्याच्या खोक्यातच, स्वच्छ रुमालात गुंडाळलेला असतो, बरोबर एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर आणि डोक्याला लावायचा टॉर्च.